लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधलं माश्यांचं कलेक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माश्या? म्हणजे आपल्या घरात घोंघावतात त्या? त्या कोण जपून ठेवतं?

हो त्याच, घरमाशी पण आहे त्यात. पण नुसती घरमाशी नाही, ज्यांना उडायला दोनच पंख असतात असे सगळे कीटक एका गटात येतात, शास्त्रात त्याला डिप्टेरा म्हणतात. त्यात डास आले, केळ्यांवर बसणारी चिलटं आली, म्हशीला चावणारी गोमाशी आली, आंब्यातली फळमाशी, ज्वारीची खोडमाशी, भातावरची गादमाशी, सँडफ्लाय सगळं आलं. यांच्या मागच्या पंखांची जोडी आक्रसून दोन बारीक दांड्या उरल्यात, टोकाला गाठ असलेल्या, आणि उडताना तोल सांभाळायचं काम त्या करतात. मधमाशी आणि गांधीलमाशी मात्र यात नाहीत, त्यांना चार पंख असतात. कपाशीवरची पांढरी माशी तर मावा-तुडतुड्यांच्या नात्यातली, तिचा ड्रॉवर वेगळ्याच विभागात.

जगात आत्तापर्यंत नाव दिलेल्या माश्यांच्या जाती साधारण दीड-पावणेदोन लाख आहेत, आणि नाव न दिलेल्या त्याहून कितीतरी जास्त असणार असं यातले लोक म्हणतात.

हे म्युझियम नक्की कुठलं? ब्रिटिश म्युझियमच का?

आधी तेच होतं. हान्स स्लोन नावाच्या डॉक्टरच्या संग्रहावरून १७५३ मध्ये ब्रिटिश म्युझियम सुरू झालं, मग प्राणी, झाडं, दगड यांना जागा पुरेना म्हणून साउथ केन्सिंग्टनला वेगळी इमारत बांधली, ती १८८१ ला उघडली. कागदोपत्री वेगळं व्हायला १९६३ उजाडलं. म्हणून जुन्या पेपरांमध्ये या माश्यांचा पत्ता अजून ब्रिटिश म्युझियमच लिहिलेला दिसतो, गोंधळून जाऊ नका. पूर्ण म्युझियमकडे ८ कोटींच्या आसपास नमुने आहेत, त्यातले ३ कोटींहून जास्त एकटे कीटक.

मग लंडनला गेल्यावर बघता येईल का? मुलगा तिकडेच असतो आमचा.

म्युझियमला जा जरूर, एंट्री फ्री आहे, नातवंडांना डायनोसॉर आणि छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा पुरतो दिवसभर. पण माश्यांचे ड्रॉवर असे कोणालाही उघडून दाखवत नाहीत. ते डार्विन सेंटरमध्ये आहेत, २००९ ला उघडलेली नवी बिल्डिंग, आत कोशासारखा आकार असलेला काँक्रीटचा आठमजली भाग आहे त्यात कीटक आणि वाळवलेली झाडं ठेवतात. ड्रॉवर बघायचा असेल तर संशोधनाचं काम असावं लागतं, आधी ईमेल करून क्युरेटरची, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्याची, वेळ घ्यावी लागते. एरिका मॅकअलिस्टर या तिथल्या माश्यांच्या क्युरेटर, त्यांचे व्हिडिओ आणि भाषणं नेटवर भरपूर आहेत, एकदा ऐका, माश्यांबद्दल इतक्या मजेने बोलणारा माणूस मी तरी दुसरा ऐकला नाही. पिसवांचं कलेक्शन पण त्यांच्याच विभागात येतं.

एका जातीची एक माशी ठेवली की झालं ना, हजारो कशाला लागतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर पण जरा लांब आहे.

एक म्हणजे नर वेगळा दिसतो, मादी वेगळी, उपाशी वाढलेली अळी असेल तर तिची माशी लहान होते, डोंगरावरची काळपट आणि खालची पिवळट असं पण असतं, मग एकच नमुना असेल तर तुम्हाला कळणारच नाही की समोरची माशी वेगळी जात आहे का त्याच जातीतली जरा वेगळी दिसणारी. पण ते सोडा, खरी गोष्ट पिनवरच्या लेबलात असते. कुठे सापडली, कोणत्या तारखेला, कोणी पकडली. त्या लेबलामुळे ती माशी म्हणजे एक नोंद होते, की अमुक वर्षी अमुक ठिकाणी हा प्राणी होता. अशा हजार नोंदी जमल्या की कुठली जात कुठे पसरली, कुठून गायब झाली, आधी मे महिन्यात निघायची ती आता एप्रिलमध्येच निघते का, हे सगळं काढता येतं. ज्याने पकडली त्याच्या डोक्यात यातलं काहीही नसतं. १९१० सालच्या माणसाला डीएनए माहीत नव्हता, क्लायमेट चेंज माहीत नव्हतं, त्याने फक्त माशी टोचली आणि तारीख लिहिली, आणि तेवढंच आज उपयोगी पडतंय.

म्हणून लेबल नसलेली माशी कितीही सुंदर असली तरी शास्त्राला जवळपास शून्य. आणि पाय तुटलेली, एक पंख गेलेली पण नीट लेबल असलेली माशी कोणी टाकून देत नाही.

लेबलवर एवढं बारीक लिहितात तरी काय?

ठिकाण, तारीख, उंची, पकडणाऱ्याचं नाव, कसं पकडलं (जाळ्याने, दिव्यावर, शेणावर वगैरे). खाली दुसरं लेबल जातीच्या नावाचं, ते कोणी ओळखलं आणि कोणत्या वर्षी. पुढे दुसऱ्या कोणी वेगळं नाव दिलं तरी जुनं लेबल काढायचं नाही, त्याच पिनवर खाली अजून एक टोचायचं, त्यामुळे काही माश्यांच्या खाली पाच-पाच कागदांचा थर असतो.

जुनी लेबलं मात्र डोकं खातात. नुसतं 'बॉम्बे' लिहिलं असेल तर शहर का अख्खा इलाखा? इलाखा तर सिंधपासून धारवाडपर्यंत होता. का फक्त जहाज मुंबईहून निघालं म्हणून लिहिलं? मग त्या साहेबाच्या बदल्या कुठे कुठे झाल्या ते शोधा, त्याची पत्रं वाचा. आणि एक खटकतंच, लेबलवर नाव साहेबाचं. जाळं घेऊन ओढ्याकाठी कोण फिरला, गोठ्यातले डास कोणी पकडून आणले, त्या माणसांची नावं सहसा कुठेच नाहीत.

एवढ्याशा माशीला पिन कशी मारतात?

मोठी असेल तर सरळ छातीत, मधोमध नाही, किंचित उजवीकडे. म्हणजे पिनेने एका बाजूचे केस गेले तरी दुसरी बाजू शाबूत राहते, आणि माश्या ओळखताना छातीवरचे केस मोजावे लागतात, खरंच एकेक केस मोजतात. डासाएवढी असेल तर केसाएवढी बारीक बिनडोक्याची पिन मारून ती फोमच्या छोट्या तुकड्यावर बसवतात आणि तो तुकडा मोठ्या पिनेवर. त्याहून लहान असेल तर कागदाच्या त्रिकोणाच्या टोकाला चिकटवायची किंवा काचेच्या स्लाइडवर. अळ्या अल्कोहोलमध्ये, पण आधी गरम पाण्यात टाकायच्या, नाहीतर काळ्या पडतात.

कित्येक जाती बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात, फरक फक्त नराच्या जननेंद्रियांत. मग पोटाचं टोक कापून कॉस्टिकमध्ये साफ करायचं, बघायचं, आणि ग्लिसरीन घातलेल्या इवल्याशा कुपीत ठेवून ती कुपी त्याच पिनेला लावायची. नवीन मुलं हे ऐकून हसतात, मग सहा महिन्यांनी तीच मुलं तासन्तास मायक्रोस्कोपला डोळा लावून तेच करत बसलेली असतात.

शे-दीडशे वर्षं टिकतात कशा, किडे नाही लागत?

लागतात ना! मेलेल्या किड्यांना जिवंत किडे खातात. अँथ्रीनस नावाचा एक बारीक ठिपक्याठिपक्यांचा भुंगा असतो, त्याची केसाळ अळी ड्रॉवरमध्ये घुसली तर खाली नुसती पूड आणि पिना उरतात. पूर्वी डांबरगोळ्या ठेवायचे, त्याचा वास माणसांनाच त्रास द्यायचा. आता बाहेरून येणारी प्रत्येक पेटी आधी उणे ३० अंशांच्या फ्रीझरमध्ये काही दिवस, मग आत, आणि खोल्या थंड आणि कोरड्या ठेवायच्या. पितळी पिना पण त्रास देतात, माशीच्या अंगातल्या चरबीने त्यांना हिरवा गंज चढतो, तो फुगतो आणि माशी फुटते. म्हणून आता स्टेनलेस स्टील.

'टाइप' म्हणजे काय असतं? त्याचं एवढं कौतुक का?

नवीन जातीला नाव देताना एक नमुना ठरवावा लागतो, की हे नाव या माशीचं. तो होलोटाइप. पिनेवर गोल लेबल आणि त्याला लाल कडा. पुढे जगात कोणालाही शंका आली की आपल्याकडची माशी तीच का, तर शेवटचा निकाल या एका नमुन्यावरून, पुस्तकातलं वर्णन काहीही असो. म्हणून आग लागली तर आधी काय बाहेर काढायचं, तर टाइप.

वर्णनावर भागत नाही याचा पुरावा पण याच म्युझियमने दिलाय. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस वॉकर नावाचा माणूस तिथे कॅटलॉग करायच्या कामावर होता, त्याने हजारोंनी नवीन जाती घोषित केल्या, वर्णनं दोन-तीन ओळींची, कित्येकदा एकाच जातीला पुन्हा पुन्हा वेगळी नावं. १८७४ ला तो गेला तेव्हा एका कीटकांच्या मासिकाने मृत्युलेखात चक्क लिहिलं की याने विषयाचं प्रचंड नुकसान केलंय आणि वीस वर्षं आधी गेला असता तर बरं झालं असतं. मृत्युलेखात! पण त्याने टोचलेल्या माश्या शिल्लक आहेत म्हणून त्याचा घोळ आज निस्तरता तरी येतो.

भारतातल्या माश्या तिकडे कशा गेल्या?

राज्य त्यांचं होतं, त्यामुळे टपालाने, बोटीने, सामानात, सगळ्या वाटांनी. पण डासांची गोष्ट खास आहे. रोनाल्ड रॉसने १८९७ ला सिकंदराबादमध्ये डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू बघितले, आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश वसाहत मंत्री चेंबरलेनने सगळ्या वसाहतींना कळवलं की डास पकडा आणि म्युझियमला पाठवा. सरकारी हुकूम, डास पाठवा! आले पण, जगभरातून पेट्याच्या पेट्या. फ्रेड थिओबाल्डने त्यावर १९०१ ते १९१० मध्ये डासांवरचा पाच खंडांचा ग्रंथ लिहिला. आज त्यात चुका काढणारे खूप आहेत, पण आधी पायाच नव्हता.

बाकी माश्यांसाठी एनरिको ब्रुनेट्टीचं नाव घ्यावं लागेल. हा पेशाने संगीतवाला, १९०४ ला कलकत्त्याला आला, १९२१ पर्यंत राहिला आणि फावल्या वेळात भारतातल्या माश्यांवर तीन जाडजूड खंड लिहिले. आजही भारतात कोणी माशी ओळखायला बसलं की शिव्या घालत का होईना तेच खंड उघडावे लागतात.

महाराष्ट्रातल्या कुठल्या माशीचं नाव जगात आहे का?

आहे, आणि अभिमान वाटावा का नको ते तुम्ही ठरवा. अचलपूर, आपलं अमरावती जिल्ह्यातलं, इंग्रज त्याला एलिचपूर म्हणायचे. तिथे ग्लेन लिस्टन नावाचा लष्करी डॉक्टर होता, त्याने वर्षभर तिथल्या डासांवर नजर ठेवली आणि १९०१ मध्ये अॅनोफिलिस स्टीफन्सायचं वर्णन छापलं. (हाच लिस्टन पुढे मुंबईत प्लेगवर काम करत होता, उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे तिथे दाखवण्यात त्याचा मोठा हात.) स्टीफन्साय म्हणजे शहरात मलेरिया पसरवणारा डास, गच्चीवरच्या टाक्या, विहिरी, बांधकामाचं साचलेलं पाणी त्याला आवडतं. मुंबई महापालिकेचे लोक टाकीला झाकण लावा म्हणून मागे लागतात ते याच्यासाठी पण.

आता २०१२ ला हा डास आफ्रिकेत जिबूतीला सापडला, मग इथिओपिया, सुदान, पुढे पुढे. आफ्रिकेत मलेरिया मुख्यतः खेड्यांचा आजार, आणि हा शहरात वाढणारा, म्हणून सगळ्यांनी धास्ती घेतलीय. आणि पहिला प्रश्न जो येतो तो हाच की हा खरंच नवीन आलाय का आधीपासून होता आणि कोणी बघितला नाही? त्याला उत्तर द्यायचं तर त्या भागातले जुने, टोचलेले, तारीख असलेले डासच बघावे लागतात.

नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून नाव पडलेला व्हायरस आहे ना, १९६५ चा, तो पसरवणारी सँडफ्लाय पण याच गटातली.

मुंबईच्या एका डॉक्टरच्या खून खटल्यातल्या अळ्या तिथे ठेवल्यात म्हणे, खरं का?

खरं आहे. डॉ. बक रक्स्टन, मूळ नाव बुखत्यार रुस्तमजी रतनजी हकीम, मुंबईचा पारशी, इथेच शिकला आणि इंग्लंडमध्ये लँकेस्टर गावात प्रॅक्टिस करायचा. सप्टेंबर १९३५ मध्ये त्याची बायको इझाबेला आणि घरात काम करणारी मुलगी मेरी रॉजरसन दोघी दिसेनाशा झाल्या. २९ सप्टेंबरला तिकडे स्कॉटलंडमध्ये मॉफटजवळच्या एका घळीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले मृतदेहांचे तुकडे सापडले. डॉक्टरच तो, ओळख पटेल असं सगळं त्याने काढून टाकलं होतं.

पण माश्यांना कोण अडवणार. निळ्या माशीच्या अळ्या होत्या त्यावर, त्या ग्लासगो युनिव्हर्सिटीच्या अलेक्झांडर मर्न्सकडे गेल्या. अळी तापमानाप्रमाणे ठरलेल्या वेगाने वाढते, त्यावरून त्याने वय काढलं, १२ ते १४ दिवस. म्हणजे मृतदेह तिथे पडले ते सप्टेंबरच्या मध्याला, आणि त्या दोघी गायब झाल्याची तारीख होती १५ सप्टेंबर. फक्त अळ्यांवर शिक्षा झाली असं नाही हां, वर्तमानपत्राची फक्त त्या भागात विकली गेलेली आवृत्ती होती, कवटीवर फोटो जुळवून बघितला होता, बरंच होतं. १२ मे १९३६ ला मँचेस्टरला त्याला फाशी दिलं. त्या अळ्यांची बाटली आज लंडनच्या कलेक्शनमध्ये आहे. फॉरेन्सिकवाले ही केस अजून शिकवतात.

हापूस आणि या कलेक्शनचा काय संबंध?

सरळ संबंध आहे. १ मे २०१४ पासून युरोपने भारतीय आंबा बंद केला होता आठवतंय? कारण पेट्यांमध्ये फळमाशी सापडत होती. ऐन सीझनला बंदी, कोकणातल्या बागायतदारांचे हाल, ती उठली जानेवारी २०१५ मध्ये. आता विमानतळावर आंब्यात अळी सापडली तर ती कुठल्या जातीची हे कोण सांगणार? जिच्याशी ताडून बघायचं ती खात्रीने ओळखलेली माशी कुठल्यातरी म्युझियममध्येच असते.

आणि नावावर पैसे अडकलेले असतात. आपल्याकडची बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस ही आंब्याची फळमाशी. २००३ मध्ये केनियात तशीच दिसणारी माशी सापडली, २००५ ला तिला वेगळी जात ठरवून बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स नाव दिलं. झालं, इतर देशांनी आफ्रिकेच्या फळांवर निर्बंध घातले. मग दहा वर्षं शरीररचना, डीएनए, आपसात जोड्या जमतात का, सगळं तपासून २०१५ मध्ये ठरलं की ती डॉर्सालिसच आहे. एवढ्या बारीक फरकांवर कंटेनर अडतात.

शंभर वर्षांच्या वाळलेल्या डासातून डीएनए निघतो?

निघतो, तुकड्या-तुकड्यात पण निघतो. आणि डास न मोडता. म्युझियमने सँगर इन्स्टिट्यूट या जीनवर काम करणाऱ्या संस्थेबरोबर पद्धत बसवली, २०२१ ला छापून आली. डास एका सौम्य द्रावणात ठेवायचा, डीएनए द्रावणात उतरतो, डास परत वाळवून पिनेवर. याचा मोठा फायदा म्हणजे डीडीटी हे डास मारायचं औषध यायच्या आधीचे डास तपासता येतात. औषधाला दाद न देणारे जीन डासांत कधी शिरले, आधीपासून थोडे होते का नंतर वाढले, हे आजच्या डासांकडे बघून अर्धवटच कळतं.

बियॉन्से या गायिकेच्या नावाची माशी आहे हे खरं?

हो पण लंडनला नाही, ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या कलेक्शनची. सोनेरी पोटाची गोमाशी, पकडली १९८१ ला आणि नाव दिलं २०११ मध्ये. बातमी नावाची झाली, मला मात्र ती तीस वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. सगळ्या मोठ्या म्युझियममध्ये हीच परिस्थिती, पकडलेल्या पण कोणी न बघितलेल्या नवीन जाती ड्रॉवरमध्येच बसून आहेत, कारण माश्या ओळखू शकणारी माणसं कमी.

पण मारून ठेवायच्या हे बरोबर आहे का?

मारल्याशिवाय बहुतेक जाती ओळखताच येत नाहीत, वर केसांचं आणि कुप्यांचं लिहिलंच आहे. फोटोवरून चिलटाची जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दुर्मिळ गोष्टी ओरबाडू नयेत हे मान्यच. पण रात्रीच्या हायवेवर गाडीच्या काचेला चिकटून मरतात त्यांच्यापुढे म्युझियमवाल्यांची जाळी काहीच नाही, आणि काचेवरच्यांना लेबल पण नसतं.

मी इथून पकडून लंडनला पाठवू का?

अजिबात नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे असे नमुने परवानगीशिवाय परदेशी संस्थेला देता येत नाहीत, मेलेली माशी असली तरी. आणि तिकडचं म्युझियम पण कागद नसलेलं पार्सल घेत नाही. इथेच द्या ना. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं ऑफिस पुण्यात आकुर्डीला आहे, मुंबईत बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आहे, १८८३ पासूनची. आधी फोन करून विचारा त्यांना काय हवंय, आणि तारीख-ठिकाण तिथल्या तिथे लिहा, घरी येऊन आठवून नाही.

घरबसल्या काही बघता येईल?

म्युझियमचं डेटा पोर्टल फुकट आहे, लॉगिन पण लागत नाही. लाखो नमुन्यांच्या नोंदी आहेत, काहींचे लेबलसकट फोटो. सगळं कलेक्शन चढलेलं नाही, त्यामुळे काही सापडलं नाही म्हणजे तिथे नाहीच असं समजू नका. शोधताना आजची नावं टाकून उपयोग नाही, पूना, एलिचपूर अशी इंग्रजांची स्पेलिंगं टाकून बघा, आणि एकाच गावाची तीन-चार स्पेलिंगं तरी ट्राय करा. जीबीआयएफ नावाच्या साइटवर जगभरच्या म्युझियमच्या नोंदी एकत्र नकाशावर दिसतात, तिथे डिप्टेरा आणि महाराष्ट्र एवढं फिल्टर लावलं तरी बराच वेळ जातो.